एका मांडणीवर मुंग्यांच्या अनेक वसाहती

मुंग्या पाळायला सुरुवात करणारे बहुतेक जण विचारतात, "कोणती जात घेऊ?" मी सांगते, आधी घरात कोणत्या मुंग्या फिरतात ते बघा. एक राणी आणि एक टेस्ट ट्यूब असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. वसाहती दहा-बारा झाल्या, साखरपाणी आणि किड्यांचे तुकडे रोज ठेवले जाऊ लागले, की घरातल्या मुंग्यांना पत्ता लागतोच. कापसाच्या सैल बोळ्यातून आत शिरलेल्या बारीक मुंग्या एका रात्रीत राणीला संपवतात आणि अंडी-अळ्या उचलून नेतात.

मी नेरूळला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझ्या सगळ्या वसाहती इथल्याच जातींच्या आहेत आणि आतल्या खोलीतल्या एका लोखंडी मांडणीवर राहतात. परदेशी व्हिडिओंमधला बराचसा सल्ला थंड, कोरड्या हवेसाठी असतो. नवी मुंबई-ठाण्यात हीटिंग केबल लागत नाही. हिवाळ्यात वसाहत फ्रिजमध्ये ठेवून झोपवणं तर आपल्या मुंग्यांवर अन्यायच आहे, त्यांना तशी शीतनिद्रा नसतेच. जानेवारीत राणी अंडी कमी घालते, खाणं थोडं मंदावतं, इतकंच. आपली खरी लढाई दमटपणाशी, बुरशीशी आणि घरच्या मुंग्यांशी आहे.

आधी मांडणी, मग राणी

लक्ष ठेवायचं ते मुख्यतः तीन मुंग्यांवर. पहिली टॅपिनोमा, काळपट डोक्याची आणि फिकट पोटाची, जेमतेम दीड मिलिमीटरची, ओट्यावर रांग लावणारी. दुसरी लांब पायांची काळी पॅराट्रेकिना, सैरावैरा धावते त्यावरून लगेच ओळखू येते. तिसरी कुंड्यांमधली लाल मुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. ही मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्याकडे जिथे तिथे, आणि चावली की आग आग होते.

त्यांना रोखायची युक्ती जुनीच आहे. आजीच्या काळी दूध-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तशाच मांडणीच्या चारही पायांखाली ठेवायच्या. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका. साध्या पाण्याच्या पृष्ठभागावरून हलकी मुंगी चालत जाऊ शकते, साबण घातला की बुडते. मांडणी भिंतीपासून चार बोटं लांब हवी. पडदा, वायर, झाडूची काडी, काहीही तिला टेकता कामा नये. टेकलेली एक वायर असेल तर चारही वाट्या असून नसल्यासारख्या.

आपल्याकडे या वाट्यांची आणखी एक जबाबदारी येते. डेंग्यूचा एडिस डास अशाच थोड्याशा स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, वाटीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि वाटी सुकली तरी टिकून राहतात. त्यामुळे दर आठवड्याला पाणी ओतून टाकायचं आणि वाटी आतून घासणीने घासायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही. मी हे रविवारी करते आणि त्यात खंड पडू देत नाही, कारण इमारतीत लहान मुलं आहेत.

मांडणीच्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे आणि मुंग्या मारायचा खडू यांना पूर्ण बंदी. त्यांतली औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि मुंगीला त्यांची अगदी थोडी मात्रा पुरते. खिडकीला जाळी बसवा. सोसायटीचा पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवसाची सूचना वेळेत मिळेल अशी व्यवस्था करून ठेवा आणि त्या दिवशी सगळे डबे दुसऱ्या घरी हलवा. निदान दोन दिवस परत आणू नका.

राणी कुठे, कशी

जूनमधल्या पहिल्या दमदार सरींनंतर संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली जे पंखवाले किडे जमतात, त्यांतली बरीच वाळवी असते. वाळवीला कंबर नसते, चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मोठे, मागचे लहान, आणि मिशी कोपरात वाकावी तशी वाकलेली. नर बारीक अंगाचे, लहान डोक्याचे असतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. राणीची छाती फुगीर असते, कारण उडायचे स्नायू तिथे असतात. पंख गळून गेले असतील तर छातीच्या बाजूला त्यांच्या खुणा दिसतात. जमिनीवर एकटीच, पंखाविना, लपायला जागा शोधत फिरणारी राणी सापडली तर तिचं मीलन झालेलं असण्याची शक्यता चांगली असते.

नवख्याने काळ्या मुंगळ्यापासून, कॅम्पोनोटस कॉम्प्रेससपासून, सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. राणी दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी असते, डोळ्यांनी सहज दिसते. स्वभावाने ती सोशीक असते. शिवाय या मुंग्यांच्या पेशींत ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू असतात, ते त्यांना आवश्यक अमिनो आम्लं बनवून देतात. म्हणून एखाद्या आठवड्यात प्रथिनं कमी पडली तरी वसाहत तग धरते. अनेक वसाहती सांभाळताना हा मोठा दिलासा असतो. दुसरी जात म्हणून फायडोल घ्या, मोठ्या डोक्याचे सैनिक असलेली, दाणे फोडून खाणारी छोटी मुंगी. तिची वाढ झपाट्याने होते आणि सैनिकांना दाणा फोडताना बघण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

काही जाती फ्लॅटमध्ये आणूच नयेत. आंब्याची पानं शिवून घरटं करणारी लाल ओंबील उंच झाडाची आहे, डब्यात ती रमत नाही. कॅरेबारा डायव्हर्सा बघायला विलक्षण असते, तिच्या सगळ्यात मोठ्या कामकरीचं वजन सगळ्यात लहान कामकरीच्या काहीशे पट भरतं. पण वसाहत लाखांच्या घरात जाते. झाडाच्या खोडावर फिरणारी काळी-तांबडी टेट्रापोनेरा फार जोरात डंख मारते. कोणत्याही मुंगीच्या डंखाने अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

राणी शोधायला येऊरला, कर्नाळ्याला किंवा खाडीकाठच्या फ्लेमिंगो अभयारण्यात जाऊ नका. संरक्षित क्षेत्रातून कीटकही उचलता येत नाही. सोसायटीचं आवार, जिन्यातला दिवा, रस्त्यावरचा खांब, एवढ्यात पुरेशा राण्या मिळतात. वारूळ खणून राणी काढणं तर कधीच नको. त्यात राणी बहुधा जखमी होते आणि मागे राहिलेली सगळी वसाहत संपते.

ट्यूबमधला महिना

ट्यूब काचेची, सोळा मिलिमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर लांब घ्या. नवीनच घ्या. लॅबमधल्या वापरलेल्या ट्यूब कितीही धुतल्या तरी त्यात रसायनाचा अंश राहतो, आणि रक्ताच्या नमुन्यांच्या ट्यूब घरी आणायच्याच नसतात. एक तृतीयांश ट्यूब पिण्याच्या पाण्याने भरा. कापसाचा घट्ट बोळा काडीने सरकवत पाण्यापर्यंत न्या. तो नुसता ओला व्हायला हवा, पाणी पलीकडे ठिबकता कामा नये. मग राणी, मग तोंडाशी दुसरा, कोरडा बोळा. ट्यूब आडवी ठेवायची आणि वर लाल जिलेटीन पेपर गुंडाळायचा, कारण मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. त्यांना अंधार वाटतो, आपल्याला आत दिसतं. उन्हात मात्र ट्यूब ठेवू नका. पाण्यामागची हवा तापून फुगते, पाणी बोळ्यातून पुढे ढकललं जातं आणि राणी बुडते.

यानंतर तिला खायला द्यायचं नाही. मुंगळ्याची राणी आता न लागणारे उडण्याचे स्नायू आणि साठवलेली चरबी जिरवून पहिल्या पिल्लांना पोसते. आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट बघा आणि परत झाकून ठेवा. रोज उघडलेल्या ट्यूबमधली राणी घाबरून स्वतःचीच अंडी खाते. वॉशिंग मशीन, मिक्सर आणि स्पीकर यांच्यापासून ट्यूब लांब ठेवण्याचं कारणही हेच.

मुंगळ्याच्या अळ्या स्वतःभोवती रेशमी कोष विणतात. फिकट तपकिरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा कोष, आणि त्याच्या एका टोकाला काळा ठिपका. तो अळीने कोषात शिरल्यावर टाकलेल्या मळाचा असतो. कामकरी बाहेर यायची वेळ झाली की राणी त्या कोषाला सोडत नाही. भिंग लावून बघितलं तर दिसतं, ती जबड्याने कोषाचं टोक धरून हलकेच फाडते, थांबते, मिशांनी चाचपते, पुन्हा फाडते. आतून आधी पाय येतात, ओले आणि पिवळसर, पोटाशी दुमडलेले. राणी चाटत राहते आणि पिल्लू एकेक पाय सरळ करत बाहेर येतं. त्याला मुंगळ्याचा काळा रंग चढायला पुढे काही दिवस जातात. आपल्या दमट, उबदार हवेत अंड्यापासून इथपर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो. माझ्या मते या छंदात बघण्यासारखं याहून सुंदर काही नाही.

दोन महिने उलटूनही कामकरी नाही, किंवा कोषातून पंखवाले नर निघाले, तर राणीचं मीलन झालेलं नव्हतं असं समजा. मुंग्यांमध्ये फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो. राणी आयुष्यात उडते त्याच काळात मीलन करते आणि तेव्हा साठवलेले शुक्राणू जन्मभर वापरते, त्यामुळे नंतर काही करता येत नाही.

एका ट्यूबमध्ये दोन राण्या ठेवायच्या नाहीत. मुंगळ्याच्या वसाहतीत एकच राणी नांदते. दोन वसाहती एकत्र करण्याचाही मोह नको. प्रत्येक वसाहतीच्या अंगावरच्या मेणासारख्या थराचा वास वेगळा असतो आणि परकी मुंगी मिनिटाभरात ओळखली जाते.

खाणं

कामकरी मुंग्यांना साखर लागते, अळ्यांना प्रथिनं. एक चमचा साखरेला तीन-चार चमचे पाणी, त्यात भिजवून पिळलेला कापसाचा लहान गोळा. उघडा थेंब ठेवला तर मुंग्या त्यात चिकटून मरतात. पावसाळ्यात हा गोळा दुसऱ्या दिवशी काढा, आंबतो. प्रथिनांसाठी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) किंवा रातकिडे, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, कापून द्या. उकळल्याने त्यांच्या अंगावरचे माइट, म्हणजे अगदी बारीक कोळीवर्गीय जीव, मरतात, आणि अनेक वसाहती एकत्र असताना माइट पसरले तर आवरणं कठीण. मी दिवाळे गावच्या बाजारातून आणलेल्या कोळंबीचा मीठ न घातलेला, उकडलेला कण देते, तो मुंगळ्यांना फार आवडतो. फायडोलला राजगिरा आणि नाचणी. घरात सापडलेलं झुरळ किंवा माशी मात्र देऊ नका, ती कुणाच्या घरचं औषध खाऊन आली आहे ते कळत नाही.

सुरुवातीच्या पाच-सहा कामकरींना डाळीच्या दाण्याएवढं खाणं आठवड्यातून दोनदा पुरतं. उरलेलं पुढच्या दिवशी चिमट्याने काढा.

फेरी आणि वही

वसाहती वाढल्यावर आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक डब्यावर मार्करने क्रमांक लिहा: जातीचं अक्षर, वर्ष, मग अनुक्रम. मुं-२४-३ म्हणजे २०२४ च्या पावसात मिळालेली तिसरी मुंगळा राणी. वहीत त्या क्रमांकाला एक पान. राणी कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाली, पहिली कामकरी कधी, काय दिलं, काय खाल्लं, ट्यूबमधलं पाणी कुठवर आहे, मेलेल्या किती. लॅबमध्ये नमुन्याला जो शिस्तीचा मान असतो तो इथेही द्यावा. एकाच डब्यात अचानक मेलेल्या मुंग्या वाढल्या तर वहीतल्या मागच्या दोन ओळी बहुतेक वेळा कारण दाखवतात.

फेरी बुधवारी आणि रविवारी, एकाच क्रमाने. आधी निरोगी जुन्या वसाहती, मग वाढत्या, आणि सगळ्यात शेवटी नव्याने आलेल्या किंवा शंका असलेल्या. या शेवटच्या डब्यांचा ट्रे मांडणीपासून वेगळा, दुसऱ्या खोलीत, निदान महिनाभर. चिमटा एका डब्यातून दुसऱ्यात जाताना स्पिरिटने पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पुसला नाही तर आधीच्या वसाहतीचा वास आत जातो आणि मुंगळे खवळतात. खवळलेला मुंगळा फॉर्मिक आम्ल फवारतो, आणि लहान, हवा न खेळणाऱ्या डब्यात ते त्यांनाच घातक ठरतं. झाकणाला जाळी हवी ती यासाठीही.

किती वसाहती ठेवायच्या? जितक्यांची फेरी एका संध्याकाळी, घाई न करता पूर्ण होते तितक्या. युरोपातल्या लासियस नायगर जातीची एक राणी माणसाच्या देखरेखीत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. आपल्या मुंगळ्याची राणीही नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं जगते, म्हणून आज घेतलेली प्रत्येक राणी पुढच्या अनेक बुधवारांचं काम आहे हे धरून चाला. जास्त राण्या मिळाल्या असतील तर कामकरी निघायच्या आधीच, त्याच पावसात, जिथून उचलल्या तिथेच ओल्या मातीत सोडा. दूरच्या गावाहून आणलेली वसाहत इथे बागेत सोडणं चूक आहे.

ट्यूबमधून घरट्यात

वीस-तीस कामकरी होईपर्यंत ट्यूबच बरी. जागा फार मोठी दिली तर मुंग्या रिकाम्या खोल्यांत कचरा साठवतात आणि तिथे बुरशी धरते. पुढे घरट्यासाठी मला सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटची, वीट सगळ्यात सोयीची वाटते. नवी मुंबईत बांधकामं सगळीकडे चालू आहेत, साइटवर मागितली तर तुटलेली वीट सहज मिळते. सिमेंट न लागलेली घ्या. तोंडाला मास्क लावून, बाल्कनीत, स्क्रू ड्रायव्हरने बोटभर रुंद खोल्या आणि त्यांना जोडणारे बोळ कोरा, वर काच बसवा. एका कोपऱ्यात पाण्यासाठी खळगा कोरा, म्हणजे एक टोक ओलसर आणि दुसरं कोरडं राहतं. अंडी-अळ्या ओलसर बाजूला आणि कोष कोरड्या बाजूला मुंग्या स्वतःच नेऊन ठेवतात. वीट वापरण्याआधी दिवसभर स्वच्छ पाण्यात भिजवा आणि पूर्ण वाळवा.

घरटं एका पारदर्शक सामानाच्या डब्याला नळीने जोडायचं, तोच डबा त्यांचा आउटवर्ल्ड, फिरायची आणि खायची जागा. त्यांना ट्यूबमधून झटकून बाहेर काढू नका. नवं घरटं झाका, जुन्या ट्यूबवरचा लाल कागद काढा आणि थांबा. कधी एका रात्रीत जातात, कधी आठवडा घेतात.

डब्याच्या वरच्या कडेला पळून जाऊ नयेत म्हणून थर लागतो. कोरड्या महिन्यांत टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून दोन बोटं रुंद पट्टा लावा. जूनपासून मात्र ही पावडर ओल धरते आणि मुंग्या तिच्यावरून आरामात चढतात. तेव्हा व्हॅसलिनमध्ये थोडं लिक्विड पॅराफिन मिसळून अगदी पातळ थर द्या. मे महिन्यात तोच थर वितळून खाली ओघळतो, म्हणून पुन्हा पावडर. वर्षातून दोनदा थर बदलणं ठरलेलं. काहीही लावलं तरी झाकणाला मलमलीसारखी बारीक स्टीलची जाळी चिकटवा आणि गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत डबा वापरू नका.

पावसाळ्यात विटेला पाणी जवळजवळ द्यावं लागत नाही, हवेतच पुरेसं असतं. बोळा काळा पडला तर लगेच घाबरू नका. पण पांढरी बुरशी अळ्यांपर्यंत पोचली तर दुसरी तयार ट्यूब शेजारी जोडून द्या, त्या स्वतः हलतील.

विकत घेणं

इंटरनेटवर परदेशी राण्या विकायला दिसतात. घेऊ नका. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० मुंग्या टेस्ट ट्यूब आणि सिरिंजमध्ये भरून देशाबाहेर न्यायला निघालेल्या बेल्जियमच्या दोन तरुणांना कोर्टाने मोठा दंड ठोठावला. त्यात मेसॉर सेफॅलोट्स या दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या मुंगीच्या राण्या होत्या. अशी राणी तिच्या मातीतून काढली की तिथली एक वसाहत कमी होते, आणि इथे निसटली तर काय करेल ते कुणी सांगू शकत नाही.

गावाला जाताना

गणपतीला आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर निघायच्या दोन दिवस आधी पोटभर प्रथिनं द्या आणि उरलेलं सगळं उचला. साखरपाणी छोट्या ट्यूबमध्ये भरून तोंडाला कापूस लावून ठेवा, ते उघड्या गोळ्यापेक्षा जास्त टिकतं. जास्तीचं खाणं ठेवून जाऊ नका, बंद घरात ते सडतं. प्रत्येक ट्यूबमध्ये सुरुवातीला भरलेल्या पाण्यापैकी निदान अर्धं शिल्लक आहे ना ते बघून वहीत टिपा. एकट्या राण्यांना काहीच लागत नाही. खिडक्यांची जाळी लावून थोडी हवा खेळती ठेवा. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या आणि काम एकच सांगा: चार वाट्या ओतून, घासून, साबणाचं पाणी भरायचं. डबे उघडायचे नाहीत.